समोरचं दार

आमच्या गावात कापसाचं जीन आलं आणि त्याच्यामागून माणसं आली. मालक मारवाडी, फिटर कच्छी, कामाला तांड्यावरच्या बाया. मी नवी सून, मीही सरकी काढायच्या रेच्यात कापूस घालायला लागले. जेवायच्या सुट्टीत आमची चार भाषांत भांडणं व्हायची आणि भाकरी संपेपर्यंत मिटायची. फार मजेचे दिवस होते ते.

माझी सासू दाई. गावातली अर्धी लेकरं तिच्या हातावर आलेली, पण बाळंतघरात तिनं जायचं ते मागच्या दारानं. ती निघाली की तिच्या पावलांवर गोमूत्र शिंपडायचे. आम्ही नागपूरला दीक्षा घेऊन आलो आणि तिनं सांगून टाकलं, "आता मांगच्या दारानं जाणं नाही." तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्याच हंगामात फिटरच्या बायकोचं पहिलं बाळंतपण आलं. माहेर पार कच्छात. रेचे सोडून तिला नेणार कोण? बाजाराच्या दिवशी जीन बंद होतं. बंद रेचे दुरुस्त करत बसलेला फिटर भर दुपारी तसाच तेलकट हातांनी आमच्याकडे धावत आला. "माय, जल्दी चलो."

मी सासूबरोबर गेले. ती थेट समोरच्या पायरीवर जाऊन बसली. "मी इथूनच येईन."

समोरच्या खोलीत त्याचा देव्हारा होता. फिटर एकदा देवांकडे बघे, एकदा हिच्याकडे. आत ती बिचारी कण्हत होती. मला सासूचा राग आला, खरं सांगते. मी म्हटलं, "बाईचा जीव चालला अन् तुमाले दाराचं पडलं?"

"दार त्याच्या हातात हाय, माह्या नाही," सासू म्हणाली.

फिटर आत गेला. मागच्या दाराला कडी घातल्याचा आवाज आला. मग त्यानं येऊन समोरच्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. "चलो, माय."

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. आम्ही निघालो तेव्हा कुणी काही शिंपडलं नाही.

सव्वा महिन्यानं फिटरची बायको लेकराला घेऊन आमच्या झोपडीसमोर उभी राहिली. आत यावं की नाही, तिला कळेना.

सासू म्हणाली, "ये बाई. आमच्या घराले मांगचं दार नाहीच."

ती हसली, वाकून आत आली, लेकरू सासूच्या मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला, तो ओठाला लावून ती सगळं पाणी प्यायली.