शेवंतीची डावी बाजू

दौंडाच्या ठेसनावर मी आगगाडीत आधी आबांचं खोगीर चढवलं, मग भाकरीचं गाठोडं, मग कंबलं, मग स्वतः चढलो. गाडी हलली आणि माझ्या लक्षात आलं की बायको चढवायची राहिली.

दादा, ही गोष्ट मी तुला वीस वर्षं सांगितली नव्हती. तू फलाटाच्या टोकाला डोळे पुसत होतास, त्यामुळं तुला दिसलं नसावं. मी खिडकीतून निम्मा बाहेर लोंबकळून "सगुणा, सगुणा" असं ओरडत होतो. भल्या माणसानं चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नसतं, तेही मी पुण्यापर्यंत तीन-चार ठेसनांवर घेतलं. डब्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला सुपारी दिली आणि म्हणाला, "पळून गेली असंल तर बरंच झालं म्हणा, पुढचा त्रास वाचला." घाट उतरेस्तोवर माझ्या मनात नाही नाही ते संशय येऊन गेले. कल्याणला उतरलो तर ही बायकांच्या डब्यातून शांतपणे उतरून माझ्यासमोर उभी. मला खोगिराशी झोंबताना बघून ती आपली आपण पुढच्या डब्यात बसली होती. पदर सारखा करत तिनं विचारलं, "खोगीर नीट आलं का?"

असं माझं परमुलखात आगमन झालं.

तुम्हा घरच्यांना आणि आपल्या गावातून नंतर मुंबईकडे उतरलेल्या मंडळींना एवढंच ठाऊक आहे की मी कल्याणला एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडे चाबूकस्वार म्हणून राहिलो. कोरी घोडी खोगिराला आणि स्वाराला तयार करणं हे आपल्या घरातलं पिढीजात काम, त्यात नवल ते काय. नवल असं की मी तीन महिन्यांतच परत तुमच्या दारात उभा राहणार होतो. ते कसं टळलं, ते आता सांगायला हरकत नाही. ज्यांची लाज वाटायची त्यांतले बरेच जण आता नाहीत, आणि उरलेले ऐकू कमी येतं म्हणतात.

मालकाचं नाव दाजीसाहेब. अंगानं भरलेला, आवाजानं हळू, आणि डोळे असे की समोरच्यानं नमस्कार केला तरी याच्या मुठीत काय आहे ते आधी पाहावं. त्यांनी मला तबेल्यात नेलं आणि तीन वर्षांची तांबूस घोडी दाखवली. शेवंती तिचं नाव. म्हणाले, "हिच्यावर अजून कोणी बसलेलं नाही. दसऱ्याला मी हिच्यावर बसून विठ्ठलवाडीच्या शेताच्या शिवेपर्यंत सोनं लुटायला जाणार आहे. झालं तर तू कायमचा. नाही झालं तर तुझा घाट आणि तू." आषाढ चालू होता.

मी घोडीभोवती एक फेरी मारली आणि डाव्या अंगाला थबकलो. पुढच्या डाव्या पायावर, गुडघ्याच्या जरा वर, भोवरा होता. केसांचं तोंड वर. तुला वेगळं सांगायला नको, पण आपली पोरं आता घोड्यावर बसत नाहीत म्हणून लिहितो: पायावरचा भोवरा खाली तोंड करून असेल तर तो खुंटेगाड, घोडं ज्याच्या दारी त्याचा खुंटा पक्का रोवला जातो. वर तोंड करून असेल तर खुंटेउपाड. धन्याचं बिऱ्हाड उपटून टाकतो म्हणतात. आणि माझं बिऱ्हाड तर अजून रोवलंच गेलं नव्हतं. गावातल्या तळ्याच्या मागं आमची एक खोली, चूल, आणि चुलीला न जुमानणारी ओल.

सांगावं की नाही? आबांचं वाक्य कानात होतं: "परमुलखात विचारणारा फसतो, बघणारा तरतो." मी हिशेब केला. तांदळाच्या व्यापाऱ्याला भोवऱ्यातलं काय कळणार. सांगितलं तर घोडी उद्या विकतील, घोडी गेली की माझं काम गेलं. तेव्हा मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो नाही, घोडीची जागाही बदलली. तबेल्याच्या टोकाला भिंत होती, तिथं तिला बांधली, डावं अंग भिंतीकडे. आल्यागेल्याला उजवंच अंग दिसावं.

एरवी घोड्याला हात लावायचा, वर बसायचं ते डावीकडून; आता डावं अंग भिंतीकडे म्हटल्यावर सगळं काम उजवीकडून. खरारा उजवीकडून. आधी पाठीवर नुसतं गोणपाट, मग वाळूची अर्धी पिशवी, सगळं उजवीकडून. लांब दोरीवर गोल फिरवायची तीही एकाच अंगानं, म्हणजे बघणाऱ्याच्या बाजूला उजवी कूस राहील. खोगीर प्रथम दाखवलं तेव्हा तिनं ते हुंगलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं आपली आई पहिल्यांदा आलेल्या बोहारणीकडे बघायची. पाठीवर ठेवलं तर कातडं सरसर हलवून खाली पाडलं. सात दिवस ती पाडत होती आणि मी उचलत होतो. आठव्या दिवशी राहू दिलं. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळायला गेलो तर पोट फुगवून उभी राहिली. मी आवळला, तिनं श्वास सोडला, खोगीर फिरून पोटाखाली गेलं आणि माझा अंगठा तंगात. तिचा माझ्यावर भरवसा नव्हता, माझा तिच्यावर नव्हता. पण निदान दोघं एकमेकांपासून ते लपवत नव्हतो.

तबेल्यात मोतद्दार म्हणून पोशा होता. माझ्याच वयाचा, कोलशेतचा आगरी माणूस. खाडीकाठी मिठागरात राबून तळपायाला भेगा पडल्या म्हणून इकडं जनावरांच्या चाकरीला आलेला. बोलायला कमी, आणि बघायला फार. भाद्रपदात मी पहिल्यांदा शेवंतीवर आडवा पोट टेकून लोंबकळलो, तेव्हा हा शेजारी उभा राहून सुपारी कातरत होता.

"कारभारी," म्हणाला, "तुमी उजवीकरशी का चरता?" आपल्या 'चढता'चं त्याच्या बोलीत 'चरता' होतं.

आणि मी, दादा, तुझी आणि सगळ्या भीमाकाठाची माफी मागून सांगतो, उत्तर दिलं, "आमच्या घाटावर अशीच रीत आहे."

"आसंल," पोशा म्हणाला. "मी मीठवाला मानूस, मना काय ठाव."

त्या आठवड्यात सगळ्या कल्याणात पसरलं की घाटावरचे लोक घोड्यावर उजवीकडून बसतात. अजूनही इथले दोन-तीन म्हातारे तसंच समजतात. मी दुरुस्त केलेलं नाही.

पण "आसंल" म्हणताना पोशा जसा हसला, ते मला आवडलं नाही. मी त्याच्यावर नजर ठेवू लागलो. एके सकाळी लवकर गेलो तर हा घोडी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत अंग चोरून शिरलेला. मला पाहून आडवा होऊन बाहेर आला. "काय करत होतास?" "कय नाय. झारत व्हतो." भिंतीकडची बाजू झाडायची कशाला? मला खात्रीच पटली की यानं भोवरा पाहिलाय, आणि आता हा दाजीसाहेबांना सांगणार, नाहीतर खोगिराखाली काटा ठेवून मला पाडणार. त्या दिवसापासून मी खोगीर रोज घरी नेऊ लागलो. ओलीनं त्याला हिरवी बुरशी चढली. सगुणा ती रोज राखेनं पुसायची आणि काही विचारायची नाही. तेही मला संशयास्पद वाटू लागलं.

आणि दाजीसाहेब. ते दर चार दिवसांनी येत, उजव्या बाजूला उभे राहून घोडी बघत, आणि एकच विचारत, "सखाराम, हिच्यात काही खोड?"

"नाही, दाजीसाहेब."

"नीट बघितलीस?"

"नीट बघितली."

मान हलवून जात. दसरा आठ दिवसांवर आला तेव्हा मी शेवंतीवर सरळ बसत होतो, चालवत होतो, लगामाला ती वळत होती. मी मनात म्हटलं, जमलं. सगुणाला सांगितलं, आपण राहिलो. ती म्हणाली, "दसरा जाऊ द्या."

दसऱ्याच्या सकाळी घोड्यांचे खूर धुतले, हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूच्या माळा. दाजीसाहेबांच्या घरच्या बायकांनी ओवाळलं. शेवंती कान टवकारून सगळं सोसत होती. दाजीसाहेब पांढरा अंगरखा, नवं लाल पगोटं अशा थाटात आले आणि जगातला कोणताही माणूस घोड्याच्या ज्या बाजूला जातो त्या बाजूला गेले.

मी धावलो. "इकडून, दाजीसाहेब, इकडून."

"का?"

"आमच्या घाटावर..."

"आज आपण कल्याणात आहोत," ते म्हणाले आणि त्यांनी डाव्या रिकिबीत पाय घातला.

शेवंतीला डावीकडून येणारा माणूस म्हणजे भिंत फोडून आलेला वाघ. ती जागच्या जागी चार हात उडाली. दाजीसाहेबांचा पाय रिकिबीतून सुटला हे त्यांचं नशीब, आणि पोशानं त्यांना मागून कवेत धरलं हे माझं. पगोटं मात्र उडून खूर धुतलेल्या पाण्यात पडलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दाजीसाहेबांनी पगोटं उचललं, पिळलं, आणि हळू आवाजात विचारलं, "सखाराम, हिच्या डाव्या बाजूला तीन महिन्यांत तू कधी हात लावलास?"

मग मी सांगून टाकलं. भोवरा, भिंत, सगळं. सांगताना मला वाटत होतं की मोठा गौप्यस्फोट करतोय.

"ही माझ्याच तबेल्यात जन्मली," दाजीसाहेब म्हणाले. "नाळ सुटायच्या आधी मी तो भोवरा पाहिलाय. भोवऱ्यानं तीन वर्षांत माझं काही उपटलं नाही. घाटावरचा माणूस आपणहून सांगतो की लपवतो, तेवढं मला बघायचं होतं. दर चार दिवसांनी विचारत होतो." त्यांनी ओलं पगोटं डोक्यावर ठेवलं. "उद्याच्या गाडीनं जा."

माझ्या डोळ्यांसमोर दौंडाचा फलाट आला, आणि त्यावर तू. मी निघताना केलेल्या बढाया तुला तोंडपाठ होत्या.

तेवढ्यात पोशा बोलला. तीन महिन्यांत सलग एवढं मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "दाजीसाब, यो मानूस खोटा बोल्ला. पन घोरी खोटी नाय केली त्यानं. तोंड मऊ हाय तिचा, कुटं जखम नाय. मी रोज सकाली भितीकरशी शिरून तिला चोलतंय. डावीकरशी मना येव देते. मी उबा रातो, याला चरू द्या."

दाजीसाहेब दोन पावलं मागं सरले. नाही म्हणाले नाहीत, एवढंच.

पोशा शेवंतीच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं तळहात त्या पायावर, नेमका भोवऱ्यावर ठेवला. मी पहिल्यांदा त्या अंगाला गेलो. माझ्या हाताचा वास ओळखीचा, पण हात भलत्याच बाजूनं आलेला. तिची कातडी थरथरली. रिकिबीत पाय ठेवला, ती ताठली. मी पाय काढला. पुन्हा ठेवला, जरा भार दिला, काढला. वाड्यातली सगळी माणसं श्वास धरून होती, आणि मला पक्कं ठाऊक होतं की त्यातली निम्मी मी पडण्याची वाट बघताहेत. तिसऱ्यांदा तिनं कान मागं वळवला, माझ्याकडे. मी चढलो आणि अलगद बसलो. पोशा अंगातल्या अंगात काहीतरी पुटपुटत होता, ते मला होतं की तिला, कोण जाणे. शेवंती उभी राहिली. मग एक पाऊल टाकलं.

दाजीसाहेब शिवेपर्यंत ओल्या पगोट्यानं पायी गेले आणि मी मागून घोडीवर. मालक चालतोय आणि नोकर बसलाय, असं सोनं लुटणं कल्याणानं आधी पाहिलं नव्हतं. शिवेवर त्यांनी आपट्याची पानं माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "महिनाभर राहा. डावी बाजू पुरी कर. मग बघू."

तो महिना अजून चालू आहे.

आता दाजीसाहेबांची मुलं टांग्यात बसतात. माझी पोरं "मी गेलेलो", "मी आलेलो" असं बोलतात, आणि गावी आली की तुम्ही त्यांना कोकणी म्हणून चिडवता. इथं मात्र मी मेलो तरी घाटीच. घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी पहिल्यांदा विचारणाऱ्याचाच संशय घेतो. नदीकाठच्या कोरड्या वाऱ्याची आठवण होते, आईच्या हातच्या हुरड्याची होते, आणि चार दिवस गावी राहिलो की खाडीचा खारा वास येत नाही म्हणून झोप येत नाही. याचं नीट उत्तर मला कधी देता आलं नाही. ते त्या दसऱ्याच्या संध्याकाळी सगुणानं दिलं होतं, आणि मला ते कळायला बरीच वर्षं लागली.

मी मोठ्या तोऱ्यात घरी येऊन तिला भोवऱ्याचं रहस्य सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला श्रावणातच ठाव होतं. पोशाच्या बायकोनं तळ्यावर सांगितलं. तिथं धुणं धुणाऱ्या समद्या बायकांना ठाव होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही तिच्यावर वहीम घेतला असता. इथं मला बोलायला ती एकच बाई."

मी म्हटलं, म्हणजे तीन महिने सारं गाव माझ्याकडे चोर म्हणून बघत होतं.

सगुणानं सूप खाली ठेवलं. "बघत होतं की. समद्यांना ठाव होतं, अन् तरी रोज कुणीतरी दारात भाजी ठेवून जात होतं. अवं, आपल्या गावात तरी याहून निराळं काय होतं?"