कापलेल्या फोटोमागे नेवाशापर्यंत

नेवाशाजवळच्या बांधावर मी टिपलेली माशी ज्वारी पोखरणारी खोडमाशी नाही, ती गवतमाशी आहे. शनिवारी दुपारी तीनला हे पक्कं केलं माझ्या ओळखीच्या, कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी. चारला त्या बांधाच्या मालकीण मंदाकाकूंच्या शेतात उभी ज्वारी मोडायला रोटाव्हेटर फिरणार होता.

चूक माझीच. आठवड्यापूर्वी त्यांच्या बांधावर हरळीच्या गवतावर बसलेली तिळाएवढी माशी टिपली, ब्लॉगसाठी फोटो कापून मोठा केला आणि खाली ‘ज्वारीवरची खोडमाशी’ असं लिहून टाकलं. कापलेल्या फोटोत हरळी ओळखू येत नव्हती. काकूंच्या सुनेने तो मोबाईलवर पाहिला. शनिवारी सकाळी काकूंचा फोन: “ताई, ज्वारी मोडून परत पेरते. ओल हाय तवर.”

मूळ फोटो सरांना पाठवला; डोकं वरून दिसल्याशिवाय नाव सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. मी घरून, सावेडीहून, स्कूटर काढली. जाऊन-येऊन तीनशेचं पेट्रोल लागतं. संभाजीनगर रस्ता चांगला आहे, पण घोडेगावात कांद्याच्या गाड्यांमागे वीस मिनिटं गेली. तिथला चहा सुंदर असतो. या वेळी थांबले नाही.

काकू बांधावरच होत्या. मी हरळीत पालथी पडून फोटो काढू लागले.

“माशीसाठी साठ किलोमीटर! आमची म्हैस रोज हितंच हाय, तिचा कुनी फोटू काढत न्हाई.”

“काकू, हलू नका. सावली पडली की उडते.”

“मी न्हाई हलत. तुमचाच फोन हलतोय.”

अकरा फोटो हलले. बाराव्यात डोकं वरून स्पष्ट आलं. रेंज फक्त विहिरीपाशी, तिथून पाठवला. सरांचा फोन आला, “कपाळावर चकचकीत काळा त्रिकोण दिसतो ना? गवतमाशी. पण हा फोटो माशीचा आहे, पिकाचा नाही. पोंगे ओढून बघा.”

काकूंनी ज्वारीच्या दहा रोपांचे पोंगे, म्हणजे मधली कोवळी सुरळी, ओढले. आठ घट्ट होते. दोन अलगद हातात आले, बुडाशी कुजका वास. म्हणजे खोडमाशीही होतीच, माझ्या फोटोत नसलेली. “दहात दोनच आहेत काकू, बुधवारपर्यंत थांबा आणि परत ओढून बघा,” मी म्हटलं.

तेवढ्यात रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर आला. काकूंनी हातातले दोन पोंगे बांधावर ठेवले. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, “जा बाबा आज. बुधवारी सांगते.” आणि माझ्याकडे वळून, “ओल गेली तर मला ज्वारी न्हाई, नुसता तुमचा फोटू उरंल.”

घरी येताच न कापलेला फोटो टाकला, नाव बदललं. तुम्ही अशा माश्या टिपत असाल तर डोकं वरून घ्या आणि ती कशावर बसली आहे ते फोटोत राहू द्या.

बुधवारी सकाळी काकू वीस पोंगे ओढणार आहेत. चारपेक्षा जास्त हातात आले तर दुपारीच ज्वारी मोडतील, उरलेल्या ओलीवर पेरतील. माझ्या सांगण्यावरून थांबण्यात गेलेले ओलीचे चार दिवस तेव्हा त्यांच्याकडे नसतील.