रियाने तिची गाणी काढून टाकली

आमच्या दिंडोशीच्या बिल्डिंगमधली रिया, वीस वर्षांची पोर. मालवणी बोलीत स्वतः गाणी लिहिते, गिटारवर गाते, मोबाईलवरून नेटवर टाकते. आज दुपारी हळदीकुंकवाला सगळ्याजणी तिच्याबद्दलच बोलत होत्या.

आमच्या गावचीच सुरेखा म्हणाली, "सगळी गाणी तिला सोडून गेलेल्या पोरावरच! लाज कशी नाय वाटत? आणि गिटारवर कसलं गं आपलं गाणं?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुझी आजी जात्यावर बसून ओव्यांत नवऱ्याचा उद्धार करायची, ते आपलं गाणं. हिने केलं की लाज? आणि भजनातली पेटी काय कोकणात उगवली?"

रिया दारातच उभी होती. म्हणाली, "काकू, राहू दे ना. सकाळीच सगळी काढून टाकली. गाण्यांखाली लोक घाण घाण लिहितात, आणि बाबा ते वाचत बसतात."

मी तिची सगळी गाणी ऐकलीयत. पण खाली एक ओळ कधी लिहिली नाय. चौथी शिकलेली मी, चुकेल म्हणून लाजायची. शिव्या लिहिणारे कुठे लाजले?

आज लिहितेय, तर तिचं गाणंच राहिलं नाय. तुमच्यातल्या कितीजणी अशाच नुसतं ऐकून गप्प बसतात?