बाहीवरचं मशालीचं तेल

आमच्या घरात कोट एकच होता. बदामी रंगाचा, जाड सुती कापडाचा, जव्हारच्या शिंप्याने संस्थानाच्या काळात शिवलेला. दसऱ्याच्या मिरवणुकीत शिक्षकांनी कोट घालूनच यायचं, असा रिवाज होता. शेवटच्या मिरवणुकीत मी मशालवाल्याच्या फार जवळून चाललो आणि मोहाच्या तेलाचा मोठा थेंब उजव्या बाहीवर पडला. तो मी धुवू दिला नाही. का, हे सांगायला आज लाज वाटते. राजाच्या मशालीचं तेल आपल्या अंगावर आहे, याचा मला अभिमान होता.

बायको म्हणायची, "संस्थान विलीन झालं, हे तेल काही विलीन होईना."

तिला जाऊन दहा महिने झाले. तिची अशी बोलणी आठवली की मी एकटाच हसतो, आणि मग बराच वेळ लेखणी पुढे सरकत नाही.

विलीनीकरणानंतर संस्थानातल्या मास्तरांपैकी सरकारी नोकरीत कोणाला कायम करायचं, हे शाळा तपासून ठरणार होतं. तपासायला येणाऱ्या साहेबांना आम्ही दिपोटी म्हणत असू. हे दिपोटी मास्तरांचे कपडे आधी बघतात, मुलं नंतर, अशी बातमी मोखाड्याहून आली. माझी झोपच उडाली.

तपासणीला दोन दिवस राहिले तेव्हा बायकोने रिठे भिजत घातले. मी तिला अडवलं.

"थांब. पुस्तकात रीत दिलीय. डागावर खडूची पूड, वर टीपकागद, त्यावर गरम इस्त्री. तेल कागदात उतरतं."

"लिहिणाऱ्याने कधी कोट धुतलाय का?"

"अगं, शास्त्र आहे ते."

"बरं बाई. शास्त्राला निखारे देते."

इस्त्री घरात नव्हती, म्हणून तिने पितळी तांब्यात निखारे भरून दिले. कोरा टीपकागद मिळाला नव्हता, म्हणून शाळेतला वापरलेला आणला होता. पूड उडू नये म्हणून मी वर थोडं पाणीही शिंपडलं. हे पुस्तकात नव्हतं. तांब्या फिरवून कागद उचलला. तेल होतं तिथेच होतं. शेजारी मात्र हजेरीपटातली शाई निळी, ठसठशीत उतरली होती. टीपकागदावरची उलटी अक्षरं बाहीवर सुलटी झाली होती.

"काय लिहिलंय हो?" तिला वाचता येत नसे.

"गैरहजर."

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "साहेबांना विचारायचंही काम नाही!"

मी हसलो नाही. नोकरी गेली तर गावी, साखरशेतला, भावाच्या नाचणीत राबायला जावं लागणार होतं, आणि मला नांगर धरता येत नव्हता. माझं तोंड बघून ती उठली. शाईवर आंबट ताक आणि मीठ चोळून तिने कोट उन्हात ठेवला. वाळला की पुन्हा ताक. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अक्षरं पुसट झाली. मग रिठ्याच्या फेसात बाही तीनदा घासली, तेव्हा तेलही सुटलं.

दिपोटी आले. वर्गात शिरताच त्यांनी नाक मुरडलं.

"मास्तर, वर्गात ताक घुसळता काय?"

"नाही साहेब. कोटावर शाई पडली होती. घरातून ताकाने काढून दिली."

त्यांनी मला खिडकीशी नेलं, बाही उजेडात धरली, "मीठ किती?" एवढं विचारलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नोकरी गेली, असं मी घरी येऊन सांगितलं.

"कृती उतरवून घेतली असेल," ती म्हणाली. "त्यांनाही बायको असेलच की."

महिन्याने हुकूम आला. मला कायम केलं होतं, आणि बदली सूर्यमाळला. मी वाचून दाखवलं.

"तिथं उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं म्हणतात," ती म्हणाली. "आता डाग पडला तर तसाच मिरवा." मग हात पुसून जवळ येऊन बसली. "ते कायम लिहिलंय ना, तेवढं पुन्हा वाचा."