दळणाला कॉइन चालत नाही

"मामी, तुम्ही जुन्या काळातच राहणार! मोटारीचे पैसे कपाटात ठेवून वाढणारेत का?"

"वाढत न्हाईत, पण बसल्या जागी कमी बी होत न्हाईत, जावईबापू!"

गेल्या शनिवारी भर गिरणीत आमचं असं जुंपलं होतं. मी आणि माझे जावई विलासराव. मांडवगण फराट्यात माझी पिठाची गिरणी आहे. तिची मोटार आता थकली, वर्षात दोनदा जळाली. नव्या मोटारीसाठी मी पैसे बाजूला ठेवलेत, आणि विलासरावांना ते क्रिप्टोत टाकायचे होते. "फक्त तीन महिने, मामी!"

गिरणीत पीठ कितीही झाडा, वाशांवर साचतंच. किस्सेही तसेच साचतात. आमच्या वाशांवर विलासरावांचा थर सगळ्यात जाड! तसा माणूस गुणी. खुटबावात कॉम्प्युटरचा क्लास चालवतात, माझ्या सुनीताला जिवापाड जपतात. दर शनिवारी दोघं स्कूटरवर नदी ओलांडून दळण घेऊन येतात. खुटबावात गिरण्या नाहीत असं नाही. पण माझ्या लेकीला माझ्याच गिरणीचं पीठ लागतं. लागणारच!

*

पहिल्यांदा हे खूळ घेऊन आले तेव्हा क्रिप्टोचा क्यूआर छापूनच आणला होता. "चिकटवा भिंतीवर. तालुक्यातली पहिली क्रिप्टो गिरणी!"

म्हटलं, "आधी तुमच्याच बाजरीचं पैसं द्या त्याच्यातनं."

त्यांनी फोनवर बोटं चालवली. मी बाजरी दळली. फोन म्हणे, पेंडिंग. मी मागं घरात जाऊन पीठ मळलं, भाकरी थापली, ती टम्म फुगली, विलासरावांनी ठेच्यासंगं खाल्ली, हात धुतले. फोन अजून पेंडिंगच!

"विलासराव, माल पोटात गेला आन् पैसं अजून वाटंत हायती. आमच्याकडं ह्याला उधारी म्हणत्यात!"

*

पुढच्या खेपेला पैसे झटकन आले. पण बघते तर दळणापेक्षा वरचा आकारच जास्त!

"ही कुणाची मजुरी?"

"ती व्यवहार तपासणाऱ्यांची, मामी. जगभरात हजारो कॉम्प्युटर बसलेत त्यासाठी."

बाकावर आमचे भिवाआबा बसले होते. उभं तरणपण मेंढरांमागं हिंडण्यात गेलं, आता ऊस आहे, पण नजर अजून कळप राखणाऱ्याची. ते म्हणाले, "पाच किलो बाजरी तपासाया सारी दुनिया? हितं आमचा सातबारा तपासाया एक माणूस जागंवर घावत न्हाई!"

*

आबांनी विलासरावांना तेवढ्यावर सोडलं नाही.

"मला सांगा पावणं, त्या येका कॉइनात सकाळी किती दळण बसतंय?"

"समजा, दहा किलो."

"आन् सांच्याला?"

"भाव बदलतो, आबा. कधी बारा बसेल, कधी सात."

"म्हंजी रातीत घसारलं, तर मागं काय ऱ्हातं?"

"काही नाही. थांबायचं. परत वर येतं."

आबांनी मान डोलावली. "आमचं मेंढरू लांडग्यानं नेलं, तरी लेंड्या मागं ऱ्हायच्या. खत व्हायचं त्याचं!"

त्या दिवसापासून विलासराव बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतात.

*

एकदा त्यांनी गुऱ्हाळावरच्या राजकुमारला धरलं. बिहारचा पोरगेला बाप्या, दर आठवड्याला आट्याला येतो. "यह पैसा सरहद नहीं मानता, राजकुमार! दुनिया में कहीं भी भेजो!"

राजकुमारनं पिशवी खांद्यावर टाकली. "भैया, दुनिया में किसको भेजूँ? मेरी तो माँ है, और वो गाँव में है। फोन से भेजता हूँ तो उधर तुरंत चाय मँगा लेती है!"

*

खोटं कशाला लिहू, एकदा त्यांनी मलाही गाठलं. सकाळपासून कुणाचेच फोनवरनं पैसे जाईनात. रांग लागलेली, सगळ्यांचे फोन वर, चाकं आपली गरगर फिरतायत.

"बोला मामी! बँकेचा सर्व्हर पडला. आमच्या कॉइनला बँकच लागत नाही!"

असं वर्षातनं एखाद्या वेळीच घडतं. बिनबँकेचा पैसा, कुणाच्या दारात उभं राहायला नको... मनात आलं, ह्यात काहीतरी राम आहे खरा. तेवढ्यात लाईट गेली. गिरणी बंद, वायफाय बंद. विलासराव हात उंच करून रेंज शोधत पार चिंचेपर्यंत गेले!

आणि दळलंच नाही, तर पैसे कशाचे घेणार?

*

कुणाला वाटेल, अडाणी बाईला काय कळतंय. शाळेची पायरी मी चढले नाही, हे खरं. पण वाचायला शिकले, आणि तेही कुणाच्या उपकारावर नाही. डब्यातल्या चिठ्ठ्यांवर शिकले! गिऱ्हाईक डबा ठेवून जातं, आत चिठ्ठी: नाव, धान्य, बारीक की जाड. ती आधी काढायची, वाचायची, मगच धान्य ओतायचं. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची चिठ्ठी माझ्या हातून दळली गेलेली नाही. आहे का तालुक्यात दुसरी गिरणी अशी?

सुनीताच्या डब्याला मात्र मी चिठ्ठी बघत बसत नाही. लेकीचा गहू, दरवेळी बारीक. झाकण काढलं की ओतला.

*

तर शनिवारचं ते भांडण. शेवटी विलासराव इरेला पेटले.

"माझं कॉइन किती वाढलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा! मग वाटलं तर पैसे देऊ नका!"

"दावा. खरंच वाढलं आसंल तर आत्ता कपाट उघडते."

बोलून तर बसले. आता मागं फिरणं माझ्या रक्तात नाही. लोक डबे सोडून गोळा झाले. आबाही बाकावरून उठले. विलासरावांनी कोरा फोन काढला. जुना त्याच आठवड्यात विहिरीत पडला होता.

"आन् जुन्याबरोबर कॉइन बी बुडालं आसंल की!" मी म्हटलं.

"तीच तर गंमत! बारा शब्द आहेत. ते टाकले की सगळं परत येतं. बँक नाही, मॅनेजर नाही, आपली किल्ली आपल्या हातात!"

"आन् शब्द हरवलं तर?"

"तर ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही. म्हणून तर मी कागदावर लिहून ठेवलेत. सुनीता, फ्रिजवरचा तो पिवळा कागद आणलास ना?"

सुनीता डबा पुसत होती. तिचा हात थांबला.

"मागनं कोरा हुता, त्यो?"

"हां, तोच!"

"त्याच्यामागं 'गहू, बारीक' लिहून मागल्या शनिवारी डब्यात टाकला की मी."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी गिरणीकडं बघितलं.

"मामींनी काढून ठेवला असेल," विलासराव म्हणाले. आवाज पार लहान झाला होता. "मामी चिठ्ठी कधी दळत नाहीत. हो ना, मामी?"

मी झाडू घेऊन वाशांवरचं पीठ झाडायला लागले. मग सुनीताच बोलली.

"अहो, ते बारा शब्द तुम्ही सोमवारी तूप लावून खाल्लेत, आन् वर दोन पोळ्या आणखी मागून घेतल्यात!"