म्हाळसाक्काची अर्धी गोळी

सुप्याहून निघून दीड तास झाला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाजर गवत पांढरं फुललेलं, आणि म्हाळसाक्का शिंकत चालली होती. नवव्या शिंकेला ती थांबली. पदरानं नाक पुसलं, कमरेच्या भंडाऱ्याच्या पिशवीतून कागदात गुंडाळलेली गोळी काढली आणि दाताखाली धरून तिचे दोन तुकडे केले. एक तोंडात टाकून वर पाण्याचा घोट घेतला. दुसरा मुक्ताबाईंपुढे धरला.

"घ्या बाई. तुमी बी मगाधरनं नाक वडताय."

"मला साधं पडसं आहे, अक्का. कसली गोळी ही?"

"नाकाची. जयवंताची हाय. तिच्या पोराला बारामतीला कंपनीत मिळत्यात. घ्या, निम्मी काय बाधत न्हाय."

जयवंता म्हणजे म्हाळसाक्काची जाऊ. आणि मुक्ताबाई गावातल्या शाळेच्या बाई, तीन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या. कोजागरीनंतरच्या संकष्टीला दोघी मोरगावला पायी जायच्या. यंदा म्हाळसाक्काचा नवस होता. नात छकुली काविळीनं पार वाळली होती. ती उठून खेळू लागली तर पायी येईन, वाटेत चाकाला शिवणार नाही, असं ती देवाला बोलली होती.

मुक्ताबाईंनी तुकडा घेतला, पण खाल्ला नाही. वरून गुळगुळीत आवरण, आत दोन रंगांच्या कण्या गच्च दाबून बसवलेल्या. साध्या गोळीला कशाला कुणी एवढी उस्तवार करील? त्यांनी तो रुमालात बांधून ठेवला.

अर्धं करून देणं हा म्हाळसाक्काचा स्वभावच. लहानपणी ती बापाच्या मेंढरांमागं कोकणापर्यंत चाललेली. त्या वाटेवर भाकरी कुणी एकट्यानं खायची नाही, सोबत चालणाऱ्याला निम्मी मोडून द्यायची. पुढं मेंढरं गेली, ज्वारीची चार एकरं आणि खुरपं हातात राहिलं, पण मोडून द्यायची सवय गेली नाही. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, तरी तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. शिंका धुळीनं येतात असं सगळे म्हणत, तेव्हा तिनं एक दिवस नुसती धूळ हुंगून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी गाजर गवताची फुलं. फुलांनी डोळे सुजले, तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.

अर्ध्या तासानं ती म्हणाली, "शिंका थांबल्या बगा!" आणि पुढच्या वळणावर मैलाच्या दगडावर मटकन बसली.

"काय झालं?"

"छातीत कुनी हलगी वाजिवतंय. डोस्कं बी ठणकाय लागलंय."

मुक्ताबाईंनी मनगट धरलं, घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला एकशे अठरा. त्यांना एकदम आठवलं, की उन्हाळ्यात डॉक्टरांनी हिला बीपी सांगितलं होतं.

"अक्का, सकाळची बीपीची गोळी घेतली ना?"

"आज उपास न्हाय का माजा?"

"मग ही कशी चालली?"

"ही नाकाची. नाकाला कसला आलाय उपास?"

हसावं की रडावं, मुक्ताबाईंना कळेना. तेवढ्यात लांबून एसटीचा लाल ठिपका दिसला. त्या हात करू लागल्या, तसं म्हाळसाक्कानं त्यांचं मनगट धरलं.

"न्हाय बाई. छकुलीचं बोलणं हाय. देवाला शब्द दिलाय."

"छकुलीला आजी नको का? उठा. देवाशी काय बोलायचं ते मी बोलते."

म्हाळसाक्का गाडीत चढली, पण मोरगाव येईस्तोवर तिनं खिडकीबाहेर पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टा बांधला. एकशे ऐंशीवर. औषध देऊन त्यांनी तिला खाटेवर निजवलं, दर थोड्या वेळानं मोजत राहिले, आणि उपास असो की सण, बीपीची गोळी चुकवायची नाही, असं दोनदा बजावलं. खाटेसमोरच्या औषधांच्या खिडकीत वहिदा नावाची तरणी बाई होती. मुक्ताबाईंनी रुमाल सोडून तुकडा तिच्यापुढं ठेवला.

"ही फोडली तुम्ही?" वहिदा म्हणाली. "अहो, ही बारा तास हळूहळू विरघळायला बनवलेली. फोडली की आतलं सगळं एकदम सुटतं."

"निम्मीच की खाल्ली," म्हाळसाक्का खाटेवरून बोलली.

"निम्मी म्हटली तरी सहा तासांचं औषध एका दमात अंगात गेलं, मावशी. आणि हिच्यात औषधं दोन. एक शिंका थांबवतं, त्यानं झोप येते. दुसरं नाकातल्या शिरा आवळून नाक मोकळं करतं, त्यानं झोप उडते. पण शिरा काय नाकातल्याच आवळतात व्हय? सगळ्या अंगातल्या आवळतात. बीपीवाल्यानं विचारल्याशिवाय ही घ्यायचीच नाही."

"म्हंजी दोन सवती येका घरात नांदवल्यात!" म्हाळसाक्का उठून बसली. "तरीच. आठ दिस ह्याच गोळ्या खातीया, आन् डोळ्याला डोळा न्हाय. मला वाटलं नवसाची वढ लागली."

वहिदा तोंडावर हात ठेवून हसली.

"मग जयवंताला कशी चालती?"

"तिला चालते का, ते तिच्या डॉक्टरला विचारू दे. घेतली तरी अख्खी, सांगितली तेवढीच. सोबत पडशाची दुसरी गोळी नाही, तिच्यातही हेच असतं. आणि गुंगी येते, तेव्हा गोळी घेऊन गाडी, मशीन चालवायचं नाही."

"आन् मी? शिंकतच मरू?"

"तुम्हाला डॉक्टरांनी नुसत्या शिंकेची गोळी दिलीय, दुसरं औषध तिच्यात नाही. झोपताना घ्या. खुरपताना नाकाला फडकं बांधा."

उतरत्या उन्हात बीपी खाली आलं. डॉक्टरांनी सावकाश जायला सांगितलं. देवळाच्या पायऱ्यांशी म्हाळसाक्का थांबली. डोळे भरलेले.

"बाई, देवाशी बोलणार हुता."

मुक्ताबाईंनी हात जोडले. "देवा, हिला गाडीत मी बसवली. राहिलेली वाट माझ्या नावावर मांड. पुढच्या संकष्टीला चालून देईन."

"निम्मी तुमी, निम्मी मी," म्हाळसाक्का लगेच म्हणाली. मग भंडाऱ्याची पिशवी उघडून गोळीचा तो रिकामा कागद सरळ करत तिनं पुढं केला.

"माजं येक काम करा, बाई. उद्या कुठं पडले, वाचा गेली, तर समोरच्याला कसं कळावं? हितं ठसठशीत लिवा, ह्या बाईला बीपी हाय, नाकाची गोळी इचारल्याबिगर देऊ नगा. भंडाऱ्यात ठिवीन." तिनं क्षणभर विचार केला. "आन् खाली लिवा, अर्धी बी न्हाय."