गुलाबचं पुढं काय झालं?

दारामागच्या खिळ्याला पिशव्या जमतात ना, कोणी मुद्दाम जमवत नाही. एक ओढायला जावं तर तिच्या पोटातून चार निघतात. किस्स्यांचं तसंच आहे. आम्ही नागपुरात कळमन्याच्या मार्केटात मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया. हात कामात, तोंड मोकळं. मला अक्षर येत नाही, पण एकदा कानावर पडलं की ते माझं झालं. शेजारच्या मास्तरीणबाई लिहून घेते म्हणाल्या, म्हणून ओढायला बसले.

बहुतेक किस्से एकाच गोष्टीचे निघाले. गोष्ट इंग्रजी, सात जाडजाड पुस्तकांची! माझा पोरगा विनोद खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनवर ठेकेदाराकडं कामाला होता. बर्डीच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणायचा. रविवारी सकाळी मी भाकरी थापायचे आणि तो ओट्याजवळ बसून वाचायचा. डोळे इंग्रजीवर, तोंडातून आपली बोली! सोमवारी तेवढं सगळं मी मार्केटात जसंच्या तसं सांगायचे. सहा वर्षं चाललं हे.

*

गोष्ट एका नावाड्याची. एका आंधळ्या राणीला बर्फाच्या समुद्रापलीकडं पोचवायचं काम त्याच्या नशिबी येतं. मागं घरी त्याची म्हातारी माय एकटी. आता या नावाड्याचं नाव असं होतं की म्हणताना जीभ दातात अडकायची. तीन दिवस आम्ही झटलो. चौथ्या दिवशी कमल म्हणाली, "जाऊ दे बाई, याले गुलाब म्हणू. माह्या मोठ्या भावाचं नाव आहे."

"अवं, त्याले दाढी आहे, तलवार आहे!"

"मंग? माह्या भावाले बी दाढी आहे!"

झालं, गुलाब ठरला. विनोदला सांगितलं तर हसून हसून त्याला खोकला लागला. पुढच्या रविवारपासून तोही गुलाबच वाचायला लागला.

त्यात एक ड्रॅगन होता. त्याला काय म्हणावं ते विनोदलाही सुचेना. "पंख फुटलेली घोरपड समज, माय." मी तसंच सांगितलं. भागरथाबाई आमच्यात सगळ्यात वयस्कर, संधिवातानं बेजार. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढी मोठी घोरपड! मंग धरून तेल काहून नाही काढत तिचं?"

*

पाचव्या पुस्तकात राणीचं खेचर मरतं. लंगडं होतं बिचारं, पण शेवटपर्यंत ओझं टाकलं नाही त्यानं. बर्फात रुतलं आणि राणी त्याच्या कानात काहीतरी बोलत बसली, एवढं मी सांगितलं आणि सगळ्या शेडमध्ये पदर डोळ्याला! कमल तर हुंदके देत होती.

तेवढ्यात आडत्याचे दिवाणजी आले. "काय झालं वं? काहून रडून राहिल्या सगळ्याजणी?"

भागरथाबाई नाक पुसत म्हणाली, "मिरची झोंबते ना, भाऊ!"

"मिरची कालच संपली, बाई. आज चिंच फोडून राहिल्या तुम्ही!"

*

मग विनोदच्या किडन्या गेल्या. धंतोलीतल्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोनदा मशीनवर बसावं लागे. चार चार तास. पुस्तक सोबत यायचंच. एक हात मशीनला, दुसऱ्या हातात पुस्तक, पान मी उलटायचे.

शेजारच्या पलंगावर एक रिटायर्ड कंडक्टर असायचे, आर्वीचे. पहिल्या दिवशी भिंतीकडं तोंड करून पडले होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भाऊ, जरा जोरानं वाचा ना, मागच्या सीटले ऐकू नाही येऊन राहिलं." पुढं त्यांचा वार बदलला. हे ऐकायलाच तयार नाहीत! सिस्टरकडं हट्ट धरला, मला याच दिवशी पाहिजे.

सिस्टर म्हणाली, "काका, मशीन तेच, डॉक्टर तेच. आजच काय आहे असं?"

"तुम्हाले समजत नाही, सिस्टर. गुलाब बर्फात अडकून पडला तिकडं!"

त्यांना वार मिळाला. सहावं पुस्तक त्यांनी पूर्ण ऐकलं. सातव्याच्या आधी एका मंगळवारी त्यांच्या पलंगावर दुसराच माणूस होता. विनोदनं त्या दिवशी पुस्तक पिशवीतून काढलंच नाही.

*

सातवं पुस्तक विनोदनं एकट्यानं वाचलं. मोठ्यानं वाचायला दम पुरेना. मी त्याचा चेहरा पाहत बसायचे. ज्या दिवशी संपलं त्या दिवशी कळलं मला, कारण त्यानं पुस्तक मिटून पोटावर ठेवलं आणि कितीतरी वेळ वर पंख्याकडं पाहत राहिला.

मी म्हटलं, "मरते का गा गुलाब?"

"नाही वं माय." माझ्याकडं वळला. "घरी जाते. माय दार उघडते त्याची."

"वाचून दाखव ना तेवढं."

"दम लागते. नंतर दाखवतो."

त्याचं नंतर आलं नाही. आठ दिवसांत गेला. एकेचाळीस वर्षांचा होता.

*

मी कामावर परत गेले तेव्हा कोणी तोंड उघडेना. बाया खाली मान घालून बसलेल्या. माझ्यापुढची मिरची आपल्या आपल्या ढिगात ओढून घेत होत्या, मला काम कमी पडावं म्हणून. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी कमलनं धीर केला. "बाई, गुलाबचं पुढं काय झालं?"

भागरथाबाईनं तिला कोपर मारलं. "अवं, हे काय विचारायची वेळ आहे?"

पण मला बरं वाटलं. दोन दिवसांत कोणी मला काही विचारलंच नव्हतं. मी सांगितलं, "घरी पोचला. मायनं दार उघडलं."

कमल म्हणाली, "पोचला ना? बस!" आणि तिला असं रडू फुटलं की तिला धरायला मलाच उठावं लागलं.

*

त्या पुस्तकांचा पिक्चर आला! हिंदीत बोलणारा! विनोदची मुलगी सोनल कॉलेजात आहे, तिनंच मोबाइलमध्ये दाखवलं आणि तिचीच लगेच कुरकुर सुरू. "आजी, नको ना जाऊ. पुस्तकासारखा नाही आहे म्हणतात."

कमल म्हणाली, "मंग तर जाऊच! चुका कोण काढन?"

मला चुका काढायच्या नव्हत्या. मला ते दार उघडताना पाहायचं होतं. विनोदनं सांगितलं होतं पण वाचून दाखवलं नव्हतं, तेवढंच एक राहिलं होतं माझं.

सुट्टीच्या दिवशी दुपारच्या शोला गेलो. मी, कमल, भागरथाबाई आणि सोनल. सहा वर्षांची गोष्ट, तीन तासांत गुंडाळली मेल्यांनी! खेचर एकदा कोपऱ्यात दिसलं, पुन्हा पत्ता नाही. घोरपड मात्र जबरी. भागरथाबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसली.

पंचाईत नावांची झाली. पिक्चरमध्ये गुलाबला गुलाब कोण म्हणणार? सगळेच दाढीवाले, सगळ्यांच्याच हातात तलवारी. कमलनं एक देखणा माणूस पक्का केला. त्याला बाण लागला तेव्हा छाती पिटून घेतली. मध्यंतरात सोनल हळूच म्हणाली, "मावशी, तो गुलाब नाही. तो राणीले विष देणारा आहे."

कमलनं पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवला. "माह्यं अर्धं रडणं वाया गेलं ना वं!"

*

आणि शेवटाला बर्फ फुटला. गुलाबनं राणीला काठावर ढकललं आणि स्वतः खाली गेला. पाणी. त्यावर पुन्हा बर्फ धरला. तिकडं त्याची माय दिसली, बंद दाराच्या आतून कान लावून बसलेली. आणि नावं वर सरकायला लागली.

मी म्हटलं, अजून असेल. थोडं थांबलं पाहिजे.

कमल उभीच राहिली. "खोटं आहे! तो घरी जाते! दार उघडते त्याची माय!"

मागून एक पोट्टा म्हणाला, "आंटी, बैठ जाओ ना, प्लीज."

कमल गर्रकन वळली. "तू पुस्तक वाचलं का? नाही ना? मंग चूप बस!"

तिलाही माझ्यासारखंच अक्षर येत नाही!

ऑटोत कमलचं चालूच होतं, पिक्चरवाल्याईनं पुस्तक उघडून तरी पाह्यलं का म्हणून. भागरथाबाई म्हणाली, "विनोद मायले कशाले खोटं सांगन?" मी सोनलकडं पाहिलं. ती ऑटोच्या बाहेर पाहत होती.

*

आता हा शेवटचा. मास्तरीणबाई, हा सोनलसमोर वाचायचा नाही.

त्या पिक्चरनंतरचा रविवार. सून तिच्या बहिणीकडं गेली होती, भाकरी मीच थापत होते. मी कपाटातून सातवं पुस्तक काढलं, कोणतं सातवं ते मला जाडीवरून कळतं, आणि सोनलच्या पुढ्यात ठेवलं. "शेवटचं पान वाच."

"आजी, कशाले आता?"

"वाच तू."

तिनं उघडलं. डोळे ओळींवरून फिरताना दिसत होते मला. खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले. मग गळा साफ केला आणि वाचायला लागली.

"गुलाब घरी आला तेव्हा सकाळ झाली होती. माय घरात तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि दार उघडलं. म्हणाली, किती वाळला रे. गुलाबनं जोडे काढले. तिच्याजवळ बसला."

मी म्हटलं, "पुन्हा वाच."

"तेच?"

"हो. तेच."

सोनलनं पान जरा वर धरलं. "गुलाब घरी आला तेव्हा दिवे लागले होते. माय चुलीपुढं होती. पाऊल ओळखून तिनं दार उघडलं. म्हणाली, हात धुऊन घे, गरम आहे. गुलाब रडायला लागला."

तव्यावरची भाकर करपत होती, ती मी उलटली. सोनल पुस्तकातून तोंड वर काढेना.

मी म्हटलं, "अगदी बापावाणी वाचते वं तू."